अ‍ॅग्रीमेंटपासून आजोबांच्या दाखल्यापर्यंत: घरचं दप्तर कसं लावायचं

फ्लॅट विकायला काढला, रिडेव्हलपमेंटची मीटिंग लागली, मुलीची जात पडताळणी आली किंवा घरातलं कोणी गेलं की माणूस कपाट उघडतो आणि मग कळतं, कागद ढीगभर आहेत पण हवा तो नाहीये. लाइट बिलांचा गठ्ठा छान रबर लावून ठेवलेला असतो, ते रबर वितळून बिलांना चिकटलेलं असतं, आणि सिडकोचं, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचं, ट्रान्सफरचं पत्र मात्र "असेल कुठेतरी बाबांच्या ट्रंकेत". मी ऐरोलीत राहते, सोसायटीच्या कमिटीत आहे, त्यामुळे लोक आपापल्या फाइली घेऊन येतात आणि बहुतेक फायलींमध्ये भोक एकाच जागी असतं, मधला कागद. पहिला असतो, शेवटचा असतो, मधला नाही. म्हणून एकेक कागद सांभाळायचा विचार सोडा, साखळी सांभाळायची आहे. बाकीचं सगळं, फाइल, डबा, स्कॅन, हे त्यानंतर.

पहिली गोष्ट म्हणजे हे काम पावसाळ्यात काढू नका. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवेत दमटपणा ऐंशी टक्क्यांच्या वर सहज जातो, कागद ते पाणी पितो, आणि तसा ओलसर कागद तुम्ही घट्ट झाकणाच्या डब्यात भरला की आत बुरशीची सोय तुम्हीच करून दिली. दिवाळीनंतर थंडी पडली की हवा कोरडी होते, डिसेंबर ते मार्च हा खरा सीझन. एखादा रविवार पकडा, घरातले सगळे कागद, म्हणजे खरंच सगळे, गादीखालचे, देवघराच्या ड्रॉवरमधले, गाडीच्या डॅशबोर्डमधले, एका जागी आणा, दिवसभर पंख्याखाली मोकळे पसरून ठेवा आणि मग वर्गवारी.

सहा गठ्ठे

वर्गवारीसाठी वेगळं डोकं चालवायची गरज नाही, आपल्या सरकारी ऑफिसांमध्ये सहा गठ्ठे पद्धत म्हणून एक पद्धत आहे, झेडपीत किंवा तहसीलमध्ये नोकरी केलेलं कोणी घरात असेल तर त्यांना विचारा, तोंडपाठ असते. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. सरकारी ऑफिसच्या नावाने आपण कितीही बोटं मोडली तरी ही पद्धत भारी आहे आणि घरात जशीच्या तशी चालते.

प्रलंबित म्हणजे आपल्याला काहीतरी करायचंय ते, भरायचं बिल, द्यायचं उत्तर. प्रतीक्षाधीन म्हणजे आपण केलं, आता समोरच्याची वाट बघतोय, रिफंड, अर्जाची पोच, तक्रारीचा नंबर. हा गठ्ठा लोक ठेवतच नाहीत आणि मग पोच हरवते. नियतकालिकं म्हणजे दरवर्षी परत येणारं, गाडीचा इन्शुरन्स, पीयूसी, मेडिक्लेम, महापालिकेचा मालमत्ता कर, एफडीच्या तारखा. स्थायी आदेशाच्या जागी घरात मी रोज लागणारे संदर्भ ठेवते, आधार-पॅनच्या झेरॉक्स, लसीकरणाचं कार्ड, वॉरंटी. पाचवा गठ्ठा हे खरं दप्तर, त्यावर पुढे बोलू. सहावा फाडायचा.

किती वर्षं ठेवायचं याचंही सरकारी माप आहे, अ वर्ग कायम, ब वर्ग ३० वर्षं, क वर्ग १० वर्षं, ड वर्ग वर्षभर. घरात अ म्हणजे मालमत्ता, जन्म-मृत्यू-लग्न, शिक्षण, जात, वारसा आणि नोकरीच्या नेमणुकीपासून पीएफ-पेन्शनपर्यंतचे कागद. इन्कम टॅक्सचे रिटर्न आणि त्यामागचे पुरावे आठ वर्षं ठेवा म्हणजे डोक्याला ताप नाही. लाइट बिलं दोन-तीन वर्षांच्या मागची काढून टाका, फक्त मीटर नावावर झाल्याचा कागद आणि एक जुनं बिल ठेवा. मेंटेनन्सच्या पावत्या मात्र सोसायटीकडून वर्षअखेरचं लेजर हातात आल्याशिवाय टाकू नका, इथे भांडणं कशावरून होतात ते मी रोज बघते.

एक अपवाद. घराच्या सुधारणेची बिलं, म्हणजे बाल्कनी बंद केली, नवीन किचन, लादी बदलली असली कामं, यांची बिलं घर विकेपर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षं ठेवायची, कारण कॅपिटल गेन, म्हणजे घर विकून झालेला टॅक्स लागणारा नफा, काढताना हा खर्च खरेदीच्या किमतीत धरता येतो, स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशनच्या पावत्या पण तशाच. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर असेल तर विकताना इंडेक्सेशनशिवाय, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे न वाढवता, साडेबारा टक्के की इंडेक्सेशन धरून वीस टक्के, जो टॅक्स कमी बसेल तो, हा हिशोब होतो, आणि कुठला खर्च कोणत्या वर्षी झाला हे बिलाशिवाय सीएला सांगणार कसं. रंगकाम-डागडुजी यात धरत नाहीत, ती बिलं ठेवून उपयोग नाही.

घराची साखळी

आता मुख्य. नवी मुंबईत जमीन मुळात सिडकोची, सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि इथली जमीन साधारणपणे ६० वर्षांच्या लीजवर दिली गेली, त्यामुळे तुमच्या फ्लॅटची गोष्ट बिल्डरपासून सुरू होत नाही, सिडकोच्या वाटपपत्रापासून होते. सिडकोनेच बांधलेलं घर असेल तर वाटपपत्र, हप्त्यांच्या पावत्या, ताबा पत्र, करारनामा. प्लॉटवरची बिल्डिंग असेल तर अ‍ॅग्रीमेंट टू लीज, म्हणजे सिडकोचा प्लॉट लीजवर द्यायचा करार, पुढे त्रिपक्षीय करार, म्हणजे सिडको, प्लॉट मिळालेला आणि प्लॉट घेणारा यांच्यातला, मग बिल्डरचं तुमच्याशी किंवा पहिल्या मालकाशी अ‍ॅग्रीमेंट. त्यानंतर घर जितक्या वेळा विकलं गेलं तितके करार, प्रत्येकासोबत सिडकोची एनओसी आणि ट्रान्सफरचं पत्र, सोसायटीची एनओसी आणि शेअर सर्टिफिकेट. पूर्वी बरेच व्यवहार पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर झालेत, तो कागद पिवळा पडलाय म्हणून फालतू समजू नका, साखळीतली तीच कडी असते आणि बँकेचा वकील नेमकी तीच मागतो.

ठाण्यात थोडं वेगळं. तिथे सोसायट्यांचं डीम्ड कन्व्हेयन्सचं काम चालू असतं, म्हणजे बिल्डर जमीन नावावर करून देत नाही तेव्हा ती सरकारी आदेशाने सोसायटीच्या नावावर करून घ्यायचं, १९६३ च्या मोफा या फ्लॅटविक्रीच्या कायद्याखाली, आणि त्यात सोसायटीला सभासदांच्या इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचे गोषवारे, लागतात. तुमचा एकट्याचा कागद सापडत नाही म्हणून अख्ख्या बिल्डिंगची फाइल अडते आणि मग सेक्रेटरी जिन्यात गाठून विचारतो, "काका, सापडला का?"

करा काय, तर एक साधा कागद घ्या आणि तारखेनुसार वरपासून खालपर्यंत लिहा: कोणी कोणाला दिलं, कधी, कोणत्या दस्ताने. जिथे दोन नावांच्या मध्ये दस्त नाही तिथे लाल पेनाने गोल. हे गोल भरणं हेच तुमचं काम.

नोंदणी झालेल्या दस्ताच्या पानांवर वर शिक्का असतो तो नीट बघा. ठाणे तालुक्यातल्या ऑफिसांचा ट-न-न आणि पुढे ऑफिसचा नंबर, मग दस्त क्रमांक, वर्ष, आणि पान अमुकपैकी तमुक. या शिक्क्यावरून दोन कामं होतात. एक, पानं मोजून बघा, मधलं एखादं गायब असतं, बहुतेक वेळा झेरॉक्सवाल्याकडे राहिलेलं. दोन, दस्त क्रमांक, वर्ष आणि ऑफिस या तीन गोष्टी वेगळ्या लिहून ठेवा, फोनमध्ये पण, कारण उद्या मूळ दस्त हरवला तर याच्या जोरावर दुय्यम निबंधकांच्या ऑफिसातून प्रमाणित प्रत मिळते. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्च आहे, अलीकडच्या वर्षांचा इंडेक्स टू तिथे मोफत शोधता येतो, आपल्या दस्ताची नोंद दिसतेय का आणि नाव-फ्लॅट नंबर बरोबर आहे का हे एकदा घरबसल्या बघून घ्या. जुन्या दस्तांच्या बाबतीत अजून एक गंमत असते, नोंदणी झाली, पावती घरी आली, पण मूळ दस्त ऑफिसातून आणायला कोणी गेलंच नाही. घरात नुसती पावती सापडली तर ती टाकू नका, ती घेऊन ऑफिसात जा.

कर्ज चालू असेल तर मूळ कागद बँकेकडे. देताना कागदांची यादी करून त्यावर बँकेची सही-शिक्का घ्यायचा, पुढे कोणता कागद दिला होता हे त्याच यादीवरून ठरतं. आणि कर्ज फिटल्यावर हे लक्षात ठेवा: रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे, १ डिसेंबर २०२३ पासून, पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. बरेच लोक शेवटचा हप्ता भरून पेढे वाटतात आणि कागद आणायचे विसरतात.

गावठाणातले आणि गावाकडचे कागद

घणसोली, दिवा, कोपरखैरणे, तिकडे उरण-पनवेलपर्यंत ज्यांच्या जमिनी नवी मुंबईसाठी गेल्या त्या घरांमध्ये साडेबारा टक्क्यांच्या, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित प्लॉट मिळायच्या योजनेच्या, फायली अजून फिरतायत. तिथे लागतो भूसंपादनाचा निवाडा, तेव्हाचा सातबारा, फेरफार (जमिनीवरची नावं बदलल्याची नोंद), आणि मग तीन पिढ्यांच्या वारसांची कागदं. आजचा डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीवर १५ रुपयांत निघतो हो, पण त्यावर आजची नावं, आजोबांचं नाव जिथे आहे तो फेरफार वेगळा काढावा लागतो. तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज केला की त्या अर्जाची पोच प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात.

जात पडताळणीसाठी तर जुनाच कागद सोनं असतो. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, या तारखांच्या आधीचा पुरावा मागतात, म्हणजे बाबांचा नाही तर बहुतेक आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गाव नमुना चौदा म्हणजे कोतवाल बुकातली जन्माची नोंद, नाहीतर एखादं खरेदीखत. कागद मोडी लिपीत आहे, आपल्याला वाचता येत नाही म्हणून टाकून देणारी माणसं मी पाहिलीत. टाकू नका. मोडी वाचणारे मिळतात, कागद परत मिळत नाही. आणि चुलतभावंडांमध्ये मूळ दाखला कोणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत असू द्या, एकाची व्हॅलिडिटी, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, झाली की बाकीच्यांचं काम निम्मं होतं, तेव्हा दाखला ज्या वहिनींकडे आहे त्यांच्याशी बोलणं बंद असेल तर आधी बोलणं चालू करा.

जपायचं कशात

आपल्याकडे अ‍ॅग्रीमेंट हिरव्या लेजर पेपरवर, लीगल साइजमध्ये असतात आणि लोक फाइल आणतात ए-फोर. मग खालचा भाग दुमडतो, घडीवर कागद कुजतो आणि सही नेमकी तिथेच असते. दुकानात फुलस्केप किंवा लीगल साइजची पाकिटं मागा, दस्त सपाट राहिला पाहिजे. पिना, स्टेपल, लोखंडी टाचण्या दमट हवेत गंजतात आणि कागदाला भोकं पाडतात, कायम ठेवायच्या कागदांच्या काढून टाका, प्लॅस्टिकचे क्लिप लावा. नोंदणी केलेल्या दस्ताची शिलाई मात्र उसवायची नाही. फाटलेल्यावर सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद पिवळा होऊन अक्षरं खातो.

लॅमिनेशन. मार्कशीट, जन्मदाखला, शेअर सर्टिफिकेट दिसलं की लॅमिनेट करायची आपल्याकडे हौस आहे. करू नका. एकदा केलं की धड निघत नाही, उष्णतेने शाई पसरू शकते, उठावाचा शिक्का दबतो, आणि परदेशी जाताना अटेस्टेशनला, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का घ्यायला, लॅमिनेट केलेला कागद घ्यायला खळखळ करतात. पारदर्शक पाकीट तेच काम करतं आणि कागद बाहेर काढता येतो.

पेट्रोल पंप, एटीएम, मॉलची बिलं असतात ती थर्मल कागदाची, त्यावर शाई नसतेच, उष्णतेने काळा होणारा थर असतो, काही महिन्यांत कोरी होतात आणि प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये तर अजून लवकर. फ्रिज-टीव्हीच्या वॉरंटीचं बिल असेल तर घेतल्याच दिवशी फोटो आणि झेरॉक्स.

कपाट कुठे आहे ते बघा. बाहेरच्या भिंतीला लागून असेल, त्यातही पावसाचा मारा बसणारी भिंत, किंवा पलीकडे बाथरूम असेल, तर त्या कपाटात कागद नकोत. माळ्यावर नकोत, स्लॅबचं लीकेज आधी तिथेच उतरतं. तळमजल्यावर राहत असाल तर सगळ्यात खालचा कप्पा नको, ठाण्यात वंदना टॉकीजच्या बाजूला दरवर्षी पाणी साचतं हे काय सांगायला पाहिजे, आणि नवी मुंबईचा काही भाग इतका सखल आहे की सिडकोने धारण तलाव बांधलेत, मोठी भरती आणि मोठा पाऊस एकत्र आला की पाणी जायला जागा नसते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा कितीतरी घरांचं दप्तर पलंगाखालच्या बॅगांमध्येच भिजलं. छातीच्या उंचीचा कप्पा, आतली भिंत, बस.

डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, रंग बदलणारी मिळते, रंग बदलला की गरम करून परत वापरता येते. कसर आणि झुरळांसाठी डांबरगोळ्या चालतात पण कागदाला चिकटवून नाही, कापडात बांधून कोपऱ्यात. कडुलिंबाचा पाला घालायचा असेल तर कडकडीत वाळलेला घाला, ओला पाला म्हणजे आत ओलच. लाकडी कपाटाला वाळवी लागली असेल तर आधी पेस्ट कंट्रोल आणि तोवर कागद दुसरीकडे हलवा. आतला कागद म्हणून वर्तमानपत्र अंथरू नका, त्यातलं आम्ल शेजारच्या कागदात उतरतं.

बँकेचा लॉकर चांगला, पण तिथेही पाकीट बंद करूनच ठेवा. आग, चोरी, बँकेच्या लोकांचा घोटाळा यासाठी बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत आहे, पूर-भूकंप यात सहसा येत नाही.

स्कॅन आणि डिजिलॉकर

फोनने स्कॅन चालतो, पण स्कॅनर असेल तर ३०० डीपीआय, रंगीत, पीडीएफ. कोरी वाटणारी मागची बाजू सुद्धा घ्या, शिक्के मागे असतात. फाइलचं नाव वर्षापासून सुरू करा, वर्ष-महिना-दिवस, मग कागद, मग नाव, म्हणजे आपोआप तारखेने लागतात. "स्कॅन फायनल नवीन २" असली नावं ठेवून स्वतःलाच गंडवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की दाबला जाऊन बारीक अक्षर जातं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक घराबाहेर, म्हणजे लॅपटॉप, हार्ड डिस्क आणि क्लाउड किंवा पुण्याच्या मावशीकडची दुसरी डिस्क. पेनड्राइव्हवर एकट्यावर भरवसा नको.

डिजिलॉकर २०१५ पासून आहे पण त्यातले दोन कप्पे लोक एकच समजतात. इश्यूड डॉक्युमेंट्स म्हणजे खुद्द विभागाकडून आलेले, ड्रायव्हिंग लायसन्स, आरसी, पॅन, अलीकडच्या दहावी-बारावीच्या मार्कशीट, यांना कायद्याने मूळ कागदाइतकीच मान्यता आहे. तुम्ही स्वतः अपलोड केलेला स्कॅन मात्र नुसता स्कॅनच राहतो. मृत्युपत्र, अ‍ॅग्रीमेंट, शेअर सर्टिफिकेट यांचा कागद कागदच लागतो, स्कॅन आहे म्हणून मूळ टाकायचं नाही.

भिजलं, हरवलं

भिजलेला गठ्ठा ओढून सोडवू नका, पानं ओली असताना फाटतात. चिखल असेल तर स्वच्छ पाण्याने हलकं धुवा, पण शाईपेनाने लिहिलेलं असेल तर नाही. दर काही पानांमागे कोरा टिपकागद नाहीतर छपाई नसलेला किचन रोल घाला आणि बदलत राहा, पंखा भिंतीकडे तोंड करून लावा. ऊन नको, इस्त्री तर अजिबात नको. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, त्यामुळे एवढे कागद एकदम सुकवणं जमणार नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सरळ डीप फ्रीजरमध्ये ठेवा, बुरशी थांबते आणि मग थोडे थोडे काढून सुकवता येतात. सासूबाई ओरडतील, ओरडू द्या.

हरवलं तर पोलीस स्टेशनला गहाळ झाल्याची नोंद, मग दस्त असेल तर प्रमाणित प्रत, शेअर सर्टिफिकेट असेल तर सोसायटीला अर्ज, ती नोंद, इंडेम्निटी बॉण्ड (पुढे नुकसान झालं तर मी भरून देईन अशी लेखी हमी) आणि सोसायटी म्हणेल तशी पेपरात जाहिरात. कागदाचा नंबर माहीत असला की हे सगळं पटकन होतं, म्हणून तर वर लिहून ठेवायला सांगितलं.

दप्तराच्या सगळ्यात वर एक पान ठेवा: कोणता कागद कुठल्या पाकिटात, कोणता लॉकरमध्ये, कोणता बँकेकडे गहाण, पॉलिसी कुठली, नॉमिनी कोण. पासवर्ड नकोत त्यावर. आणि हे पान घरातल्या अजून एकाला दाखवा, बऱ्याच घरांत सगळं फक्त बाबांना माहीत असतं.

राहिला सहावा गठ्ठा. बँक स्टेटमेंट, आधारच्या झेरॉक्स, जुन्या पॉलिसी सरळ रद्दीवाल्याला देऊ नका, नाव, नंबर आणि सही असलेला भाग फाडून वेगळा करा, भिजवून लगदा केला तरी चालेल. यापुढे झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहा, कशासाठी दिली आणि तारीख, अक्षरं थोडी छापील मजकुरावर येऊ द्या. आधार असेल आणि समोरच्याला चालत असेल तर मास्क्ड, म्हणजे नंबराचे पहिले आकडे झाकलेलं, द्या. जुन्या खात्याचे चेक खालच्या आकड्यांच्या पट्टीवरून कापा. थर्मल पावत्या कागदाच्या रद्दीत घालू नका.